पुरुषांमधील स्तनवृद्धी: शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी काय तपासावे?

मुक्तवाट (धागालेखक)

पुरुषाच्या छातीवर स्तनासारखा उभार येणे, ज्याला वैद्यकात गायनेकोमॅस्टिया म्हणतात, हा विषय बहुतेक जण आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढेही काढत नाहीत. सैल सदरे घालणे, खांदे पुढे झुकवून चालणे, पोहायला जाण्याचे टाळणे, कोणी जवळ घेऊ लागले तरी अंग चोरणे अशा सवयी हळूहळू जडत जातात. मग एक दिवस सहन होईनासे झाले की माणूस जाहिरातीतला क्रमांक फिरवतो आणि थेट शस्त्रक्रियेची तारीख घेऊन मोकळा होतो. मी स्वतः ही शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे आणि मला तिचा निःसंशय लाभ झालेला आहे, त्यामुळे तिच्याविरुद्ध लिहिण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु लाज वाटू लागणे आणि शस्त्रक्रिया होणे यांच्या मधली जी पायरी आहे, म्हणजे ही वाढ नेमकी कशाची आहे आणि कशामुळे झाली आहे हे शोधण्याची, ती फार जण ओलांडून पुढे जातात. त्या पायरीविषयी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला मुद्दा चरबी आणि ग्रंथी यांतील फरकाचा. प्रत्येक पुरुषाच्या स्तनाग्रामागे थोडी स्तनग्रंथी जन्मापासून असते. ही ग्रंथी वाढली तर ती खरी स्तनवृद्धी होय. वजन वाढल्यामुळे छातीवर केवळ मेद साठला असेल तर बाहेरून दिसणारा आकार पुष्कळदा सारखाच असतो, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि तिचे उपायही वेगळे आहेत. अनेकांमध्ये दोन्ही एकत्र असतात. डॉक्टर हा फरक बोटांनीच ओळखतात. रुग्णाला पाठीवर निजवून हात डोक्याखाली घ्यायला सांगतात आणि अंगठा व तर्जनी दोन बाजूंनी हळूहळू स्तनाग्राकडे आणतात. ग्रंथी वाढलेली असेल तर स्तनाग्राच्या बरोबर मागे रबरासारखी घट्ट पण लवचीक चकती बोटांना लागते. केवळ मेद असेल तर बोटे स्तनाग्रापर्यंत विनाअडथळा येतात.

दुसरा मुद्दा संप्रेरकांचा. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रियांमध्ये अधिक असणारे संप्रेरक, असते आणि ते असणे आवश्यकच आहे. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा काही भाग ॲरोमॅटेज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो आणि हे काम मेदपेशींमध्येही मोठ्या प्रमाणावर चालते. इस्ट्रोजेनचा प्रभाव वाढला, टेस्टोस्टेरॉन घटले किंवा टेस्टोस्टेरॉनचे काम एखाद्या औषधाने अडवले, तर स्तनग्रंथीला वाढीचा संकेत मिळतो. म्हणजे छातीवर जे दिसते त्याचे मूळ यकृतात, वृषणात, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत किंवा रोज घेतल्या जाणाऱ्या गोळीत असू शकते. मूळ तसेच ठेवून केवळ छाती सपाट करून घेतली, तर एखादा आजार अनेक वर्षे लपून राहण्याचा धोका असतो.

ज्यांना वैद्यकीय माहिती आहे त्यांनी आणि ज्यांनी हे भोगले आहे त्यांनीही कृपया लिहावे.

निरंजना

हा विषय इतक्या मोकळेपणाने मांडल्याबद्दल आपले आभार. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. काही महिन्यांपासून त्याच्या छातीच्या डाव्या बाजूला स्तनाग्रामागे लहानशी गाठ आली आहे आणि धक्का लागला तर ती दुखते. वर्गातील मुले त्याला चिडवू लागल्यापासून त्याने खेळाच्या तासाला जाणे सोडले आहे. नात्यातील एका व्यक्तीने लवकर शस्त्रक्रिया करून घ्या असे सुचवले, तर दुसऱ्या व्यक्तीने हा वजनाचा दोष आहे, त्याचे खाणे कमी करा असे सांगितले. मुलगा तसा सडपातळच आहे. त्याला मी नेमके काय सांगावे?

ऐलतीर

निरंजनाताई, मी संप्रेरकांच्या आजारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. मुलाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, म्हणून येथे केवळ सर्वसाधारण माहिती देतो. आपण केलेले वर्णन या वयात अतिशय नेहमीचे आहे.

पुरुषाच्या आयुष्यात स्तनग्रंथी वाढण्याचे तीन काळ असतात. पहिला जन्मानंतरचा. आईच्या इस्ट्रोजेनच्या प्रभावामुळे निम्म्याहून अधिक नवजात मुलग्यांच्या छातीवर थोडी सूज असते आणि ती काही आठवड्यांत आपोआप उतरते. (ही सूज दाबून 'दूध काढण्याचा' प्रकार कोणीही करू नये, त्यातून जंतुसंसर्ग होतो.) दुसरा काळ वयात येण्याचा, साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपासचा. तिसरा पन्नाशीनंतरचा, जेव्हा टेस्टोस्टेरॉन हळूहळू घटते, अंगावरील मेद वाढतो आणि औषधांची संख्याही वाढते.

वयात येताना वृषणांकडून टेस्टोस्टेरॉनचा पूर्ण पुरवठा सुरू होण्यापूर्वी इस्ट्रोजेनचा प्रभाव काही काळ तुलनेने अधिक राहतो. त्या काळात अनेक मुलांमध्ये, काही पाहण्यांनुसार निम्म्याहून अधिक मुलांमध्ये, कमी-अधिक स्तनवृद्धी होते. ती एका बाजूला आधी दिसणे, दोन्ही बाजू असमान असणे आणि हात लागताच दुखणे हे सारे याच अवस्थेत मोडते. यांतील बहुसंख्य मुलांची वाढ सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. म्हणूनच या वयात घाईने शस्त्रक्रिया करत नाहीत. संप्रेरकांचा खेळ अजून चालू असताना ग्रंथी काढली तर उरलेला भाग पुन्हा वाढू शकतो. सडपातळ मुलाचे खाणे कमी करणे तर सर्वस्वी चुकीचे ठरेल. दीर्घ उपासमारीनंतर पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही स्तनवृद्धी होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या युद्धकैद्यांमध्ये ती मोठ्या प्रमाणावर दिसली होती.

मुलाला एकदा बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा आणि तपासणीत वृषणांची तपासणी झाली आहे याची खात्री करून घ्या. हा भाग संकोचामुळे राहून जातो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. वृषणांच्या काही गाठी एचसीजी (एरवी गरोदरपणात तयार होणारे संप्रेरक) किंवा इस्ट्रोजेन निर्माण करतात आणि काही वेळा स्तनवृद्धी हीच त्यांची पहिली खूण असते. वृषणे वयाच्या मानाने फारच लहान आणि घट्ट असतील, उंची अधिक असेल, तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमचा विचार करावा लागतो. यात मुलाच्या पेशींमध्ये एक एक्स गुणसूत्र अधिकचे असते. ५०० ते १००० मुलग्यांमागे एकात हे आढळते आणि पुष्कळांना ते प्रौढ वयात, मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावरच कळते. स्तनवृद्धीच्या निमित्ताने ते लवकर लक्षात आले तर टेस्टोस्टेरॉनचे उपचार वेळेवर सुरू करता येतात आणि पुढे अपत्यप्राप्तीचा विचारही आधीच करता येतो. वयात येण्याची कोणतीही खूण दिसण्यापूर्वीच लहान मुलाला स्तनवृद्धी झाली असेल तर मात्र वाट पाहू नये. ती नेहमीची गोष्ट नाही आणि तिचा शोध तातडीने घ्यावा लागतो.

मुलाला काय सांगावे असे आपण विचारलेत. त्याच्या वर्गातील आणखी काही मुलांना हेच झालेले असण्याचा पुरेपूर संभव आहे, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. बहुतेक मुले असा समज करून घेतात की आपले शरीर मुलीचे होत चालले आहे. ही भीती ती बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे मोठ्यांनीच हा विषय काढून ती दूर करावी लागते. चिडवणे थांबत नसेल तर शिक्षकांशी बोलावे. शरीर पूर्वपदावर येण्यास वेळ लागेल, पण खेळाचा तास तोपर्यंत बुडता कामा नये.

पोलादी

माझ्या व्यायामशाळेत अनेक जण छातीचे व्यायाम दुप्पट करून हा उभार घालवू पाहतात. मीही अनेक महिने तेच करत आहे. वजन उतरले, पोट आत गेले, परंतु स्तनाग्राखालचा फुगवटा पूर्वीपेक्षा अधिकच उठून दिसू लागला आहे. शिवाय आमच्यापैकी काही जण स्नायू वाढवण्यासाठी इंजेक्शने घेतात आणि त्यासोबत छाती वाढू नये म्हणून एक गोळीही घेतात. हे सुरक्षित आहे का?

ऐलतीर

आपला अनुभव शरीररचनेला धरूनच आहे. व्यायामाने मेद कमी होतो आणि स्नायू वाढतो, ग्रंथी मात्र जागची हलत नाही. तिच्यावरील आणि भोवतालचा मेद उतरला आणि खालचा स्नायू जाड झाला की ती अधिक स्पष्ट दिसू लागते. म्हणून व्यायाम व्यर्थ गेला असे मानू नका. केवळ मेद असलेल्यांना त्याचा खरा उपयोग होतो आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तरी स्थिर वजनावर ती अधिक चांगली होते.

इंजेक्शनांविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. बाहेरून घेतलेल्या ॲनाबॉलिक स्टेरॉइडचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलते. त्याच वेळी मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथीला वाटते की टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे, त्यामुळे ती वृषणांना दिले जाणारे आदेश थांबवते. वृषणे आक्रसतात आणि शुक्राणू कमी होतात. इंजेक्शने बंद केल्यावर शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात आणि त्या मधल्या काळात इस्ट्रोजेनचे पारडे जड राहून स्तनवृद्धी होते. सोबत घेतली जाणारी गोळी बहुधा टॅमॉक्सिफेन (स्तनातील इस्ट्रोजेनचे काम अडवणारे औषध) किंवा ॲरोमॅटेज रोखणारे औषध असते. टॅमॉक्सिफेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. ज्याच्या शुद्धतेची खात्री नाही अशा स्टेरॉइडबरोबर असे औषध कोणाच्याही देखरेखीशिवाय घेणे हे दोन धोक्यांची बेरीज करण्यासारखे आहे. तपासणीच्या वेळी ही इंजेक्शने डॉक्टरांपासून लपवू नका. ती लपवली तर रक्ताच्या अहवालांचा अर्थच चुकीचा लागतो.

सायंतारा

माझ्या वडिलांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी गोळ्या सुरू आहेत आणि त्यांची छाती दुखरी होऊन वाढली आहे. ते याविषयी कोणाशी बोलत नाहीत. आईला दिसले म्हणून आम्हाला कळले. त्यांनी स्वतःच्या मनाने गोळी एक दिवसाआड केली आहे अशी आम्हाला शंका आहे. अन्य कोणत्या औषधांनी असे होते?

ऐलतीर

सायंताराताई, वडिलांची गोळी कमी झाली असल्यास त्यांच्या डॉक्टरांना ते आजच कळवा. कर्करोगाच्या उपचारात असा परस्पर बदल छातीच्या दुखण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक ठरू शकतो.

प्रोस्टेटच्या उपचारात टेस्टोस्टेरॉनचे काम जाणीवपूर्वक रोखले जाते. बायकॅल्युटामाइडसारखी गोळी एकटी दिली जाते तेव्हा बहुसंख्य पुरुषांना स्तनांत वाढ किंवा दुखरेपणा जाणवतो. हे आधी ठाऊक असते, म्हणून काही रुग्णांमध्ये उपचार सुरू करतानाच टॅमॉक्सिफेन देऊन किंवा छातीवर अल्प मात्रेचे रेडिएशन देऊन ही वाढ रोखण्याचा प्रयत्न करतात. वाढ एकदा पक्की झाल्यावर रेडिएशनचा उपयोग पुष्कळ कमी होतो. हे सारे उपाय त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारण्याजोगे आहेत.

इतर औषधांमध्ये स्पायरोनोलॅक्टोन सर्वांत परिचित आहे. ते हृदयविकारात आणि यकृताच्या आजारात दिले जाते. त्याऐवजी इप्लेरेनोन देता येत असेल तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. आम्लपित्तावरील सिमेटिडिन, बुरशीवरील किटोकोनाझोल, प्रोस्टेटसाठी व केसांसाठी दिली जाणारी फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड, मानसिक आजारांवरील रिस्पेरिडोन, एचआयव्हीवरील इफाविरेन्झ, हृदयासाठीचे डिगॉक्सिन अशी ही यादी लांबत जाते. या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाला स्तनवृद्धी होते असे मुळीच नाही. फिनास्टेराइडने तर ती थोड्याच जणांना होते. पण नव्याने वाढ झाली असेल तर गेल्या काही महिन्यांत कोणते औषध सुरू झाले हा प्रश्न सर्वप्रथम विचारायला हवा. औषध बदलल्यावर अलीकडची वाढ बऱ्याचदा ओसरते.

'अलीकडची' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. सुरुवातीच्या सुमारे सहा महिन्यांत ग्रंथीतील नलिकांची सक्रिय वाढ चालू असते आणि याच काळात ती दुखते. वर्षभरानंतर तेथे तंतुमय ऊती तयार होतात, दुखणे थांबते आणि मग औषधांनी फारसा फरक पडत नाही. टॅमॉक्सिफेन रोज २० मिलिग्रॅम या मात्रेत सुमारे तीन महिने देण्याचा प्रघात आहे आणि अलीकडच्या, दुखऱ्या वाढीत त्याचा उपयोग होतो. परंतु या आजारासाठी त्याला औपचारिक मान्यता नाही, म्हणून तो निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा. ॲरोमॅटेज रोखणाऱ्या ॲनास्ट्रोझोलकडून मोठ्या अपेक्षा होत्या, मात्र किशोरवयीन मुलांवर झालेल्या चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

प्रौढ पुरुषाला स्पष्ट कारणाशिवाय नव्याने वाढ झाली असेल तर सकाळी घेतलेल्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, एलएच व एफएसएच (वृषणांना आदेश देणारी पिट्यूटरीची संप्रेरके), इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार), प्रोलॅक्टिन (दूधनिर्मितीचे संप्रेरक) आणि एचसीजी तपासतात. जोडीला थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या चाचण्या केल्या जातात. गरजेनुसार वृषणांची सोनोग्राफी होते. इतके करूनही पुष्कळांमध्ये कोणतेच कारण सापडत नाही आणि तसे होणे हीसुद्धा दिलासा देणारी बाब आहे.

एका गोष्टीसाठी मात्र दिरंगाई नको. गाठ दगडासारखी कठीण असणे, स्तनाग्राच्या मध्याला सोडून एका कडेला असणे, त्वचेला किंवा खालच्या स्नायूला चिकटलेली असणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे यांपैकी काहीही असल्यास मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी आणि जरूर तर बायॉप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) व्हायलाच हवी. स्तनांच्या एकूण कर्करोगांपैकी साधारण १ टक्का पुरुषांना होतो. प्रमाण अल्प आहे, परंतु पुरुषांना असे काही होऊ शकते हेच ठाऊक नसल्यामुळे ते उशिरा येतात. घरात बीआरसीए-२ या जनुकातील, स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष असेल किंवा स्वतःला क्लाइनफेल्टर सिंड्रोम असेल तर अधिक सावध राहावे.

शल्यदीप

मी प्लास्टिक सर्जन आहे. वरची चर्चा वाचून समाधान वाटले, कारण आमच्याकडे येणाऱ्या रुग्णाने हे टप्पे पार केलेले असले तर आमचे काम अधिक निर्धास्तपणे होते. आता शस्त्रक्रियेविषयी लिहितो.

ही कल्पना नवी नाही. सातव्या शतकातील वैद्य पॉल ऑफ एजिना याने पुरुषाचा वाढलेला स्तन चंद्रकोरीसारखा छेद घेऊन कमी करण्याची कृती लिहून ठेवली आहे. आज सर्वाधिक वापरला जाणारा छेद, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेने जाणारा अर्धगोल, १९४६ मध्ये जेरोम वेबस्टर यांच्या लेखामुळे सर्वत्र रूढ झाला. गडद आणि फिकट त्वचेच्या सीमेवर असल्याने त्याचा व्रण सहसा सहज दिसून येत नाही. १९८० च्या दशकात लायपोसक्शनची, म्हणजे नळीने मेद शोषून घेण्याची, जोड मिळाली आणि लहान छेदांतून अधिक काम होऊ लागले.

किती वाढ आहे यापेक्षा त्वचा किती सैल आहे या प्रश्नावर शस्त्रक्रियेचे स्वरूप अधिक अवलंबून असते. १९७३ मध्ये सायमन आणि सहकाऱ्यांनी केलेले वर्गीकरण आम्ही अजूनही वापरतो. पहिल्या श्रेणीत वाढ लहान असते. दुसऱ्या श्रेणीचे दोन भाग आहेत, मध्यम वाढ पण त्वचा सैल नसलेली आणि मध्यम वाढ व त्वचा थोडी सैल असलेली. तिसऱ्या श्रेणीत वाढ मोठी असून त्वचा लोंबते. पहिल्या दोन प्रकारांत मेद आणि ग्रंथी काढल्यावर त्वचा पुढील काही महिन्यांत बऱ्यापैकी आक्रसून घेते. तिसऱ्या श्रेणीत, तसेच पुष्कळ वजन उतरवलेल्या पुरुषांमध्ये, जास्तीची त्वचाही कापून काढावी लागते. मग व्रण मोठे राहतात आणि क्वचित स्तनाग्र सुटे करून नव्या जागी बसवावे लागते. अशा रुग्णाला 'व्रण राहणार नाही' असे आश्वासन कोणी देत असेल तर तेथून उठून यावे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन, तर लहान वाढ असल्यास जागेवरची भूल आणि गुंगीचे औषध देऊन केली जाते. रुग्ण उभा असतानाच छातीवर खुणा करून घ्याव्या लागतात, कारण आडवे झाल्यावर आकार बदलतो. प्रथम मीठपाण्यात लिडोकेन आणि ॲड्रेनॅलिन मिसळलेले द्रावण छातीत सोडतात. त्याने वेदना आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात. मग बारीक नळीने मेद शोषून घेतला जातो आणि त्यानंतर वर्तुळाच्या कडेच्या छेदातून ग्रंथी काढली जाते. ग्रंथी घट्ट आणि तंतुमय असते, त्यामुळे ती नळीने सहसा निघत नाही. केवळ लायपोसक्शन झालेल्या काही जणांच्या स्तनाग्रामागे फुगवटा उरतो तो यामुळेच.

ग्रंथी पूर्णपणे कोरून काढू नये, ही या शस्त्रक्रियेतील सर्वांत नाजूक बाब आहे. स्तनाग्राच्या मागे सुमारे १ सेंटिमीटर जाडीचा थर ठेवावा लागतो. तो ठेवला नाही तर स्तनाग्र आत बसून तेथे बशीसारखा खळगा पडतो आणि तो दुरुस्त करणे मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. म्हणून 'सगळे काढून टाका' असा आग्रह रुग्णाने धरू नये. काढलेली ऊती पॅथॉलॉजीच्या तपासणीसाठी पाठवली जाणार आहे का, हेही विचारून घ्यावे.

गुंतागुंतींपैकी रक्त साठणे ही सर्वांत नेहमीची असून ती बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होते. एकच बाजू झपाट्याने ताणली गेली, खूप दुखू लागली तर रात्र असली तरी फोन करावा. याशिवाय पाण्यासारखा द्रव साठणे, जंतुसंसर्ग, स्तनाग्राची संवेदना काही महिने कमी होणे, दोन बाजूंत फरक राहणे, व्रण जाड होणे हे संभवते. स्तनाग्राचा रक्तपुरवठा बिघडून त्वचा मृत होणे विरळा असते, मात्र धूम्रपान करणाऱ्यांत तो धोका वाढतो. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि जखम भरेपर्यंत तंबाखू कोणत्याही स्वरूपात नको. रक्त पातळ करणारी औषधे ज्या डॉक्टरांनी दिली असतील त्यांना विचारूनच थांबवावीत.

दूरस्थ

मला येथे एक वेगळा विचार मांडावासा वाटतो. आजार नसेल, दुखत नसेल, तर निरोगी शरीरावर शस्त्र का चालवावे? पुरुषाची छाती सपाटच असली पाहिजे हा आग्रह समाजाचा आहे. आपण मुलांना शरीर कापायला शिकवण्याऐवजी चिडवणाऱ्यांना का शिकवत नाही?

मुक्तवाट

दूरस्थ, आपला आक्षेप मी गांभीर्याने घेतो आणि चिडवणाऱ्यांविषयी आपण जे म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. शस्त्रक्रिया ही कोणाचीही सक्ती असू नये. ज्याला आपल्या छातीचे काही वाटत नाही आणि ज्याच्या तपासण्या ठीक आहेत त्याने काहीही करण्याची गरज नाही, हे डॉक्टरांनीही स्वच्छपणे सांगायला हवे. परंतु ज्या माणसाने आयुष्याची अनेक वर्षे शरीर झाकण्यात घालवली आहेत, त्याला समाज बदलेपर्यंत थांब असे सांगणे मला न्यायाचे वाटत नाही. समाज बदलण्याचे ओझे ज्याला त्रास होतो त्याच्याच खांद्यावर का यावे? मी शस्त्रक्रिया केली ती तपासण्या पूर्ण झाल्यावर आणि काहीही न करता राहणे हा पर्यायही पुरेसा तोलून पाहिल्यावर.

नंतरच्या काळाविषयीही लिहितो, कारण जाहिरातींत तो भाग नसतो. पहिले काही दिवस हात वर करताना, अंथरुणातून उठताना छाती ओढल्यासारखी होते. सूज आणि निळसर डाग पाहून मला वाटले होते की काहीतरी बिघडले आहे. छातीला घट्ट दाब देणारे बनियन साधारण चार ते सहा आठवडे जवळजवळ दिवसभर घालावे लागते आणि उकाड्यात ते फार जाचक होते. बैठे काम आठवड्याभरात सुरू करता येते, जड वजन उचलणे आणि छातीचे व्यायाम मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत बंद. अंतिम आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो आणि व्रण फिकट होण्यास वर्षही लागते. माझ्या एका बाजूची संवेदना अजून पूर्ण परतलेली नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्याही नाहीत. तरीही मी आता ताठ चालतो.

शल्यदीप

दूरस्थ यांच्या प्रश्नात आमच्यासाठीही एक सूचना आहे. काही जण अगदी किंचित उभार घेऊन येतात, दिवसातून अनेक वेळा आरशात पाहतात आणि त्या एका गोष्टीपायी घराबाहेर पडणे थांबवतात. अशा व्यक्तीला स्वतःच्या शरीराविषयी विकृत प्रतिमा निर्माण करणारा मानसिक आजार असू शकतो. तेथे शस्त्रक्रियेने समाधान होत नाही, एका भागाची चिंता दुसऱ्या भागावर सरकते. त्या रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे हेच आमचे कर्तव्य असते.

निरंजना

मुलाला डॉक्टरांना दाखवून आणले. ऐलतीर यांनी सांगितल्याप्रमाणे संपूर्ण तपासणी झाली, वृषणांची वाढ वयानुसार आहे आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितले आहे. इतर मुलांनाही असे होते हे डॉक्टरांनी त्याला स्वतः, मला बाहेर बसवून सांगितले. त्याचा चेहरा बाहेर येतानाच मोकळा दिसत होता. पण दोन वर्षांनंतरही ही वाढ राहिलीच तर शस्त्रक्रियेसाठी कोणते वय योग्य? आणि ती केल्यावर पुन्हा वाढ होते का?

शल्यदीप

निरंजनाताई, वयाचा आकडा ठरवण्यापेक्षा वयात येण्याची प्रक्रिया पूर्ण झाली आहे का आणि ग्रंथीचा आकार स्थिर आहे का हे पाहतात. बहुतेक वेळा हे अठराच्या आसपास होते. वाढ फार मोठी असेल आणि मुलगा मानसिकदृष्ट्या खचत असेल तर त्याआधीही विचार होतो, मात्र तेव्हा पुन्हा वाढ होण्याचा संभव पालकांना आणि मुलाला समजावून सांगितला जातो. मुलाची स्वतःची इच्छा आहे का, हे त्याला एकट्याला भेटून विचारणे मी आवश्यक मानतो.

ग्रंथी नीट काढलेली असेल आणि मूळ कारण दूर झालेले असेल तर पुन्हा वाढ सहसा होत नाही. स्तनाग्रामागे ठेवलेला थर मात्र जिवंत ऊतीचा असतो. पुढे कधी स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली, स्तनवृद्धी करणारे औषध सुरू झाले किंवा यकृताचा आजार झाला तर तो वाढू शकतो. वजन पुष्कळ वाढले तर छातीवर मेदही पुन्हा साठतो. त्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्यांनी पुढे कोणतेही नवे औषध सुरू होताना ही पूर्वपीठिका डॉक्टरांच्या कानावर घालावी, आणि पॅथॉलॉजीचा अहवाल इतर वैद्यकीय कागदांबरोबर जपून ठेवावा.